विहिरीपर्यंत घाण पोचते कशी: गोव्यातल्या प्रदूषणाच्या वाटा

गोव्यात प्रदूषण म्हटलं की आधी खाणींचं नाव निघतं. पण दक्षिण गोव्यातल्या साळ नदीच्या खोऱ्यात लोहखनिजाची एकही खाण नाही. वेर्ण्याकडून निघून मडगाव, नावेली, बाणावली, असोळणे असं करत ती बेतूलजवळ समुद्राला मिळते. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातल्या ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तेव्हा त्यात गोव्याचे ११ पट्टे होते आणि त्यांतला सगळ्यात खराब वर्ग मिळाला तो साळच्या खारेबांद ते मोबोर या पट्ट्याला. खाणपट्ट्यातल्या नद्याही यादीत होत्या, पण त्या साळपेक्षा कमी खराब वर्गांत.

ही यादी लावली गेली ती बीओडी या एकाच मापावर, म्हणून आधी ते समजून घेऊ. पाण्यात मैला, उष्टं, साबणाचं पाणी असं काही सडणारं पडलं की जिवाणू ते खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती वापरतात ते बीओडी सांगतो. प्रयोगशाळेत नमुना बंद बाटलीत २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवतात, आधीचा आणि नंतरचा प्राणवायू मोजतात आणि वजाबाकी करतात. नदीत आंघोळ करण्याजोगं पाणी हवं असेल तर हा आकडा लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. घरातल्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी २०० ते ३०० असतो. म्हणजे शंभर लिटर स्वच्छ पाण्यात दीड लिटर सांडपाणी पडलं की मर्यादा संपली.

त्यात आपल्याकडचं पाणी गरम. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात, आणि खारट पाण्यात त्याहून कमी. एप्रिल-मे महिन्यांत साळमध्ये वरून येणारं पाणी अगदी थोडं असतं आणि भरती दिवसातून दोनदा खालची घाण परत वर ढकलते. सांडपाणी तेवढंच असलं तरी नदी तेव्हा जास्त आजारी पडते.

हे सांडपाणी येतं कुठून? बहुतेक आपल्याच घरातून. शहरी हिशेबाने माणशी १३५ लिटर पाणी पुरवलं जातं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पाच माणसांच्या घराचे रोजचे ५४० लिटर. पणजीत टोंक येथे, मडगावात आणि वास्कोत मलनिस्सारण प्रकल्प आहेत. पण गोव्यातल्या बहुसंख्य घरांचं पाणी कुठल्याच प्रकल्पाकडे जात नाही. ते जातं सेप्टिक टँकमध्ये, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

सेप्टिक टँक काय करते आणि काय करत नाही

टँकमध्ये मैला तळाला बसतो, तेल-चरबीचा थर वर तरंगतो आणि मधलं पाणी टी आकाराच्या पाइपातून पुढे जातं. तळाच्या गाळाचे जिवाणू हवेशिवाय हळूहळू विघटन करतात. सगळं नीट चाललं तरी बीओडी साधारण ३० ते ५० टक्केच कमी होतो. रोगजंतू तर बहुतेक तसेच पुढे जातात. ते गाळण्याचं काम टँकनंतरच्या सोकपिटचं, म्हणजे शोषखड्ड्याचं, आणि त्याभोवतीच्या मातीचं.

भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या टँकचं माप साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत सुमारे एक मीटर पाणी. म्हणजे अकराशे लिटर. रोज ५४० लिटर येत असतील तर पाणी आत दोन दिवस राहतं. गाळ साचत साचत अर्धी टँक भरली की मुक्काम एका दिवसावर येतो. त्यात कोणी वॉशिंग मशीनचं आणि स्वयंपाकघराचं पाणीही तिकडेच वळवलं, तर धुण्याच्या दिवशी तळाचा गाळ ढवळून सरळ सोकपिटमध्ये जातो. सोकपिटची भोकं बुजतात, पाणी वर येतं, आणि मग घरमालक गवंड्याला बोलावून एक पाइप गुपचूप मागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, काढून देतो. मळ्यातल्या आणि वाड्यांतल्या कित्येक व्हाळांना बारमाही काळपट पाणी असतं, ते अशाच पाइपांमुळे.

दर दोन-तीन वर्षांनी टँक उपसायला हवी. ‘आमची टँक वीस वर्षांत एकदाही भरली नाही’ असं अभिमानाने सांगितलं जातं. पाच माणसं वापरत असताना टँक वीस वर्षं भरत नसेल तर ती खालून गळते आहे, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या टँका नुसत्या चिऱ्यांनी (जांभ्या दगडांनी) बांधलेल्या असतात, आतून गिलावा नसतो, तळाला काँक्रीट नसतं. त्या नावाला टँक.

उपसलेला मैला कुठे जातो, हा पुढचा प्रश्न. टँकरवाल्याने तो मलनिस्सारण प्रकल्पावर नेऊन रिकामा करायचा असतो. अंतर, डिझेल आणि रांग वाचवण्यासाठी रात्री तो ओहोळात किंवा आडबाजूच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) सोडला तर काय होतं, याचा हिशेब करून पाहा. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरला कमीत कमी दहा लाख विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू असतात. उपसलेला मैला त्याहून घट्ट, पण कमीच धरू. किनाऱ्यावर आंघोळीसाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटरला १००. म्हणजे दहा हजार पट पातळ करायला हवं. पाच हजार लिटरच्या एका टँकरला त्यासाठी पाच कोटी लिटर स्वच्छ पाणी लागेल: एक मीटर खोल आणि पाच हेक्टर पसरलेलं तळं.

चिऱ्यातून पाणी कसं चालतं

आता जमिनीकडे येऊ, कारण दुसरीकडचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वाळू-पोयट्याच्या जमिनीत सोकपिटमधून झिरपणारं पाणी पहिल्या मीटर-दीड मीटरच्या कोरड्या थरात चांगलं गाळलं जातं. जिवाणू मातीच्या कणांना चिकटतात, मरतात. चिऱ्याच्या दगडात मात्र आरपार नळ्यांसारखी भोकं असतात. पाणी त्यांतून न गाळता धावतं. खाली शेडीचा थर लागतो. शेडी म्हणजे पांढरट-जांभळट मऊ माती, तिच्यातून पाणी सहज उतरत नाही. म्हणून ते शेडीच्या पाठीवरून उताराच्या दिशेने आडवं चालायला लागतं आणि पायथ्याशी झर म्हणून, नाहीतर कोणाच्या तरी परसातल्या विहिरीत बाहेर येतं.

सोकपिट आणि विहीर यांच्यात किमान १८ मीटर अंतर ठेवावं, असं भारतीय मानक म्हणतं. चिऱ्याच्या जमिनीत हा आकडा पाळून निश्चिंत होऊ नये. विहिरीच्या वरच्या अंगाला २५ मीटरवर असलेलं सोकपिट खालच्या अंगाला १५ मीटरवर असलेल्या सोकपिटपेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं. उतार कुठे आहे ते आधी बघा, अंतर नंतर मोजा. शेजाऱ्यांची टँकही या हिशेबात धरा, कारण पाणी सर्व्हे नंबर ओळखत नाही.

मग पाऊस. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरच्या दरम्यान. विहिरीची पातळी काही आठवड्यांत कित्येक मीटर चढते. ज्या कोरड्या थरात जिवाणू अडत होते तोच बुडतो आणि सोकपिट थेट भूजलात उभं राहतं. शिवाय उन्हाळाभर जमिनीवर पडलेलं, गोठ्यातलं, उघड्या गटारातलं सगळं पहिल्या मोठ्या पावसात एकदम धुऊन खाली येतं. विहिरीच्या तपासणीत खराब निकाल हमखास मिळावा असं वाटत असेल तर नमुना जूनच्या शेवटी घ्यावा. सांजांवला विहिरीत उड्या मारतात तोही नेमका हाच आठवडा. सणाला कोणी हात लावू नये, पण उडी मारताना तोंड बंद ठेवलेलं बरं.

कळंगुट, कोलव्यासारख्या किनारी पट्ट्यात प्रश्न थोडा निराळा. तिथे वाळू आहे, ती चांगलं गाळते. पण भूजल इतकं वर असतं की पावसाळ्यात सोकपिटच्या तळाखाली कोरडी वाळू उरतच नाही, आणि एकाच वाड्यात इतकी गेस्टहाऊसं असतात की वाळूलाही झेपत नाही.

विहीर तपासायची आणि शुद्ध करायची तर

नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा. पंपाचा नळ असेल तर तोंड पुसून, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून मग भरावा. बाटली काठोकाठ भरू नये, झाकणाच्या आत बोट लावू नये. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवावा. दुपारी गाडीत तापलेल्या नमुन्याचा अहवाल फारसा कामाचा नसतो.

अहवालात तीन गोष्टी एकत्र वाचा. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू: पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. नायट्रेट: लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत. आणि क्लोराइड. तिन्ही वाढलेले असतील तर सांडपाण्याचा संशय जवळजवळ पक्का. नायट्रेट आणि क्लोराइड जास्त पण ई. कोलाय नाही, तर झिरप जुनी किंवा लांबची असावी. वाटेत जिवाणू मेले, क्षार उरले. नुसतं नायट्रेट असेल तर खताकडे बघा. नुसतं क्लोराइड वाढलेलं असेल आणि घर नदीमुखाजवळ किंवा खाजनाजवळ (भरतीचं पाणी बांध घालून अडवलेल्या जमिनीजवळ) असेल, तर ते खारं पाणी आत शिरल्याचं लक्षण असू शकतं. पाणी उकळल्याने जिवाणू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ गेल्याने किंचित वाढतं. तान्ह्या बाळाचं दूध अशा पाण्यात बनवू नये.

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर अंदाजपंचे नको. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, त्याला ३.१४ ने गुणा आणि ४ ने भागा. आलेला आकडा घनमीटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणून ७० ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊणभर भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून तेच विहिरीत सोडा आणि बादली खाली-वर करून मिसळा. चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नका. किमान तासभर पाणी उपसू नका. नंतर क्लोरीन शिल्लक आहे की नाही ते साध्या किटने तपासता येतं: पिवळा रंग आला तर आहे. अजिबात आला नाही, तर पाण्यात घाण जास्त आहे किंवा पावडर जुनी आहे. दोन्ही शक्य आहेत, पण दुसरं जास्त वेळा घडतं. उघडी राहिलेली पावडर गोव्याच्या दमट हवेत लवकर निकामी होते. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, म्हणून ते निवळू द्यावं.

एवढं करूनही आठवड्याभरात ई. कोलाय परत आले तर पावडर वाढवण्यात अर्थ नाही. टँक कुठे गळते ते शोधायला हवं.

हॉटेलांचे प्रकल्प का बिघडतात

मोठ्या हॉटेलांकडे स्वतःचे सांडपाणी प्रकल्प असतात. कागदावर बहुतेक सगळे चालू. प्रत्यक्षात प्रकल्प म्हणजे जिवंत जिवाणूंची टाकी. ब्लोअर त्यांना हवा देतो, ते घाण खातात, मग पुढच्या टाकीत ते खाली बसतात आणि वरचं स्वच्छ पाणी बाहेर निघतं. विजेचा सगळ्यात मोठा खर्च ब्लोअरचाच, म्हणून रात्री तो बंद करण्याचा मोह होतो. काही तास हवा मिळाली नाही की जिवाणू गुदमरायला लागतात. निरोगी टाकी तपकिरी दिसते आणि तिला ओल्या मातीसारखा वास येतो. टाकी काळी पडली आणि सडक्या अंड्यांचा वास आला तर समजावं की हवा पुरत नाही.

गोव्याची खास अडचण म्हणजे हंगाम. जुलैत खोल्या रिकाम्या, जिवाणूंची उपासमार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदम तिप्पट-चौपट पाणी. जिवाणूंची संख्या एका रात्रीत वाढत नाही. जाणता ऑपरेटर नाताळाच्या तीन-चार आठवडे आधीपासून गाळ (म्हणजे खाली बसलेले जिवाणूच) कमी काढून टाकीतले जिवाणू वाढवत नेतो. तपासणी अगदी साधी आहे: एक लिटरच्या उभ्या मापपात्रात टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायचं. गाळ २५०–३०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसला आणि वरचं पाणी निवळ दिसलं तर ठीक. ५० वरच बसला तर जिवाणू कमी आहेत. ७००–८०० वर फुगून राहिला तर तो पुढच्या टाकीतून पाण्याबरोबर वाहून जाणार. आणि स्वयंपाकघराचा ग्रीस ट्रॅप (तेल-चरबी अडवणारी कुंडी) आठवड्याला साफ केला नाही तर बाकी सगळं कितीही नीट असो, तेल टाकीवर तवंग धरतं.

खाणीचा गाळ

सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे या भागात एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड हलवावे लागतात. त्यांचे डोंगर म्हणजे रिजेक्शन डंप. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी खाणकाम थांबवलं, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द केल्यावर १६ मार्चपासून ते पुन्हा थांबलं. पण खाण बंद असली तरी डंप जागेवरच असतो आणि पाऊस काही न्यायालयाची वाट बघत नाही.

डंपच्या पायथ्याशी गाळ बसवायची तळी असतात. ती का पुरी पडत नाहीत ते कणांच्या आकारावरून कळतं. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर पाण्यातून दोनेक मिनिटांत तळाला जातो. दोन मायक्रॉनच्या, म्हणजे ०.००२ मिलिमीटरच्या, चिकणमातीच्या कणाला त्याच एका मीटरला तीन दिवस लागतात, तेही पाणी अगदी शांत असेल तर. आता पाऊस बघा. दिवसाला १५० मिलिमीटर पडला तर एका हेक्टरवर पंधराशे घनमीटर पाणी येतं. वीस मीटर लांब, दहा रुंद, तीन खोल असं तळं सहाशे घनमीटरचं. ते दहा तासांच्या आत भरून वाहू लागतं. वाळू अडते, लाल चिखल निसटतो. बाहेर सोडलेल्या पाण्यात तरंगणारे कण लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असावेत असा नियम आहे. म्हणून तळी एकाऐवजी तीन-चार, एकापुढे एक असावी लागतात आणि मेमध्ये ती पूर्ण उपसलेली हवीत. गेल्या वर्षीच्या गाळाने अर्धी भरलेली तळी जूनमध्ये नुसती शोभेची.

निसटलेली माती शेतात शिरली तर वर पातळ थर धरते. तो सुकला की कडक पापुद्रा होतो, भाताच्या मुळांना हवा मिळत नाही. नदीतून पुढे गेली तर मांडवीत जिथे गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथे क्षारांमुळे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. तिसऱ्या (एक प्रकारचे शिंपले), कालवं यांच्या जागा नेमक्या अशाच पट्ट्यात. हे प्राणी पाणी गाळून खातात. त्यामुळे गाळाने गुदमरतात, आणि पाण्यात मैला असेल तर त्यातले जंतूही अंगात साठवतात. शहराच्या नाल्याच्या तोंडाजवळ काढलेल्या तिसऱ्या नीट शिजवल्याशिवाय खाऊ नयेत.

खाणीचा दुसरा परिणाम गावाला आधी जाणवतो आणि तो गाळाचा नाही. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की त्यात पाणी भरतं, ते पंपाने सतत बाहेर काढावं लागतं आणि आसपासच्या विहिरी आटतात. याला प्रदूषण म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल. ज्याची विहीर फेब्रुवारीतच कोरडी पडते त्याला त्या वादात रस नसतो.

हवा, कचरा आणि डांबर

हवेबद्दल थोडक्यात. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीची ६०. खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यावर जाड धूळ जास्त. ताडपत्री नीट बांधणं, चाकं धुणं आणि रस्ता ओला ठेवणं यांनी ती बरीच कमी होते. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो तेव्हा दुपारचा समुद्री वारा धूळ वास्को शहराकडे नेतो, पहाटेचा जमिनीवरचा वारा उलट दिशेला. म्हणून एकाच ठिकाणचं, एकाच वेळचं मोजमाप बघून कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवू नये. किनाऱ्यालगतच्या धुळीत समुद्राचं मीठही असतं. फिल्टरवरची धूळ रासायनिक तपासणीला दिल्याशिवाय कोळसा किती आणि मीठ किती हे सांगता येत नाही.

ओला कचरा सुक्यात मिसळला की त्यातून पाझरणारा काळा रस सांडपाण्याच्या कितीतरी पट घट्ट असतो, आणि ढिगाच्या आत हवेशिवाय मिथेन तयार होतो. मडगावच्या सोनसोडोचा ढीग मे २०१९ मध्ये पेटला तेव्हा आग विझवायला कित्येक दिवस गेले, कारण अशी आग आतून धुमसते. परसात झावळ्यांबरोबर प्लॅस्टिक जाळणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पीव्हीसीच्या धुरात, तो साधारण २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान थंड होत असताना, डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. घरच्या शेकोटीचा धूर याच तापमानांतून जातो.

पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर येणाऱ्या डांबराच्या गोळ्यांचा उगम मात्र गोव्यात नाही. समुद्रात सांडलेल्या तेलाचे हलके भाग उडून जातात, उरलेलं घट्ट होतं आणि नैऋत्येचा वारा ते इकडे लोटतो. प्रत्येक तेलक्षेत्राच्या तेलात काही टिकाऊ संयुगांचं प्रमाण ठरलेलं असतं, त्यावरून ओळख पटते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासलेल्या काही खेपा मुंबई हायच्या तेलाशी जुळल्या, काही आग्नेय आशियातल्या कच्च्या तेलाशी, म्हणजे वाटेत टाकी धुणाऱ्या टँकरांशी. पायाला लागलं तर खोबरेल तेल चोळा, सुटतं.

जे प्रदूषण वाटतं पण असेलच असं नाही

विहिरीचं किंवा झरीचं पाणी तांबूस असणं हे बहुतेक वेळा चिऱ्यातल्याच लोखंडाचं काम. डबक्यावर तेलकट इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोह-जिवाणूंचं पटल. फुटून पुन्हा एकत्र आलं तर तेल. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, समुद्राच्या तळाचं कमी प्राणवायूचं पाणी पश्चिम किनाऱ्यालगत वर येतं. त्या दिवसांत मेलेले मासे दिसले की लगेच कारखान्यावर बोट ठेवण्याआधी पाण्यातला प्राणवायू मोजून घ्यावा.

तक्रार करायची असेल तर नोंदी आधी. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाऊस होता की नाही, रंग, वास, पाइपाचं नेमकं ठिकाण, आणि पाइपाच्या वरच्या व खालच्या अंगाचे फोटो. भरतीच्या वेळी पाइपाखालची घाण वर सरकलेली असते, म्हणून ओहोटीला, पाणी उतरत असताना बघा. एकदाच नाही, वेगवेगळ्या वेळी चार-पाच वेळा. सोडण्याची ठरलेली वेळ सापडते. स्वतः बाटली भरून नेलात तर ती माहिती म्हणून उपयोगी, पुरावा म्हणून नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कायदेशीर नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, तोही संबंधित जागेच्या ताबेदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून. अधिकारी सकाळी अकराला आला आणि पाइप पहाटे चारला वाहत असेल तर नमुना स्वच्छच येणार. तक्रारीच्या पहिल्याच ओळीत वेळ लिहा.